केसाची दिशा

सेरपिलने चिमट्याचं बारीक टोक भोकात घातलं, अलगद फिरवलं आणि पहिला केस बाहेर ओढला. त्याच्यामागून दुसरा आला, दुसऱ्याला चिकटून तिसरा. माकडहाडाच्या वरचं ते भोक मसुराच्या दाण्याएवढंही नव्हतं, पण केस येतच राहिले. तिने ते एकेक करून पांढऱ्या जाळीच्या कापडावर मांडले. सात झाले, तेव्हा चिमटा रिकामा बाहेर आला.

"देवाने केस वाटले तेव्हा आमच्या गावचे पुरुष दोनदा रांगेत उभे राहिले असणार," दिवा खाली ओढत परिचारिका नुर्दान म्हणाली.

टेबलावर पालथा पडलेला ओर्हुन उशीत तोंड खुपसून हसला. "मी तीनदा, नुर्दानताई."

"दिसतंय ना. तिसऱ्यांदा इथे पडलायस."

सेरपिलने बोथट सळई आत सरकवली आणि ती जिथे अडली तिथे बोटाने खूण धरली. साडेतीन सेंटिमीटर. मागच्या वेळी तीन होतं.

"पुन्हा झालंय का, डॉक्टरबाई?" ओर्हुनने विचारलं.

"झालंय."

"खोल?"

"आधीपेक्षा थोडं जास्तच."

टेबलाची कड घट्ट धरलेली त्याची बोटं सैल पडली. सळई बाहेर आल्यामुळे दुखणं थांबलं असेल, असं समजून नुर्दानने त्याच्या खांद्यावर थोपटलं.

या भागात लोक या दुखण्याला 'केस उलटला' म्हणत. मिनीबसचे चालक, परीक्षेला बसलेली मुलं, दिवसभर खुर्चीत बसणारे कारकून. आठवड्याला तीन-चार तरी यायचे. सेरपिल अंकाराहून दोन वर्षांपूर्वी इथे आली ती लेसर शिकूनच. पूर्वी अख्खा मांसाचा तुकडा कापून काढत आणि माणूस महिनाभर कुशीवर झोपे. आता सुईएवढी तार कातडीखाली झालेल्या नळीत घालायची, टोकाला आग लावल्यासारखा प्रकाश सोडायचा आणि सेकंदाला एक मिलिमीटर या वेगाने ती मागे ओढत यायची. नळी आतून भाजून मिटते. त्यानंतर दर सहा आठवड्यांनी दुसऱ्या लेसरने आजूबाजूचे केस मुळासकट जाळायचे, म्हणजे नवीन केस आत शिरायला उरत नाहीत. तिच्या वहीत त्र्याऐंशी रुग्ण होते. त्यातल्या चौघांचं दुखणं एकदा उलटलं होतं. दोनदा उलटलं ते फक्त ओर्हुनचं.

त्यात त्याचं चोविसावं वर्ष सरत आलेलं, आणि लष्करी भरती कचेरीचं बोलावणं मे महिन्याचं. इथल्या प्रत्येक मुलाला जावं लागतं तसं त्यालाही जायचं होतं. दोन वेळा सेरपिलच्याच दाखल्यावर ते एकेक वर्ष पुढे गेलं. त्याचा बाप तहसीन उस्ता, बाजारातला न्हावी, दर वेळी दाखला घेताना असा ओशाळायचा, जणू पोराने कुणाच्या घरात चोरी केली आहे.

"यंदा नीट करा बाई," तो मागच्या वर्षी म्हणाला होता. "दुकानात गिऱ्हाईक विचारतं, पोरगा कधी जाणार. मी आरशात बघून उत्तर देतो, गिऱ्हाइकाकडे बघवत नाही."

दुपारी सेरपिलने ते सात केस काचेवर घेऊन प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. याची कुणाला गरज नव्हती. पण उलटलेल्या दुखण्यातले केस ती नेहमी बघायची, कारण केस खोटं बोलत नाही. केसावर कौलांसारखे खवले असतात आणि त्या सगळ्या कौलांची तोंडं टोकाकडे असतात. त्यामुळे सुटा केस कातडीत शिरतो तो मुळाकडच्या बाजूने, आणि एकदा शिरला की बसल्या-उठल्यागणिक पुढेच जातो. खवले मागे येऊ देत नाहीत. मागच्या वर्षी ओर्हुनच्या नळीतले केस आखूड होते, दोन्ही बाजूंनी कापलेले, पाच-सहा डोक्यांचे. तेव्हा तिला कारण लगेच सुचलं होतं. पोरगा बापाच्या दुकानात काम करतो, तिथले केस सदऱ्याच्या मागून घरंगळत खाली जातात. तिने त्याला दुकानात जायला बंदी केली. तहसीन उस्ताने त्याच दिवशी त्याला भाच्याच्या टायरच्या दुकानात लावून दिलं.

आजचे केस वेगळे होते. लांब होते, तांबूस होते, आणि त्यांचा रंग आतून आलेला नव्हता, वरून चढवलेला होता. मेंदी.

तिने काच सरकवली. सातांपैकी पाच केस मधोमध दुमडलेले होते. मूळ आणि टोक एका बाजूला, घडी दुसऱ्या बाजूला, आणि आत खोलवर गेली होती ती घडी.

तिने भिंग बदलून पुन्हा पाहिलं. नुर्दान तिच्या खांद्यावरून वाकली.

"हा केस असा शिरूच शकत नाही," सेरपिल म्हणाली. "कुठल्याच दिशेने."

"मग?"

"कुणीतरी घातलाय. चिमट्याने."

नुर्दान हळू आवाजात म्हणाली, "पुरुषांच्या न्हाव्याकडे मेंदीचे केस येत नाहीत, बाई. ते घरातले असतात."

त्याच्या घरात बाई एकच होती.

*

ओर्हुनची आई मुनेव्वर दुसऱ्या दिवशी सकाळी आली. ओर्हुनही बरोबर होता, त्याला बाहेर बाकावर बसवून ती आत आली आणि दार लावून घेतलं. ठेंगणी, रुंद हाडांची बाई. रुमालाच्या कडेतून कपाळावर तांबूस बटा निसटलेल्या. येताना तिने चेरीच्या मुरंब्याची बरणी आणली होती, ती टेबलावर ठेवली आणि मग हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखी ते मांडीवर घेऊन बसली.

सेरपिलने केस ठेवलेल्या कागदाची घडी उलगडून तिच्यापुढे सरकवली.

"मावशी, हे ओर्हुनच्या जखमेतून निघाले."

मुनेव्वरने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान वळवून बंद दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा कागदाकडे.

"माझेच दिसतात," ती म्हणाली.

"आत कुणी घातले?"

"कुणी म्हणजे?"

"आपोआप गेलेले नाहीत ते. दुमडून घातलेत."

बाहेर बाकाचा पाय जमिनीवर घासल्याचा आवाज आला. मुनेव्वर खुर्चीत ताठ झाली.

"मी," ती म्हणाली. "पट्टी मीच बदलते ना. आणखी कोण घालणार?"

सेरपिलला वाटलं होतं, ती रडेल, नाकारेल, शपथा घेईल. तिने चहा मागवला. मुनेव्वरने साखरेचा खडा पेल्यात टाकला आणि ढवळायचं विसरली.

"माझा भाऊ लष्करात गेला होता," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांचा. दक्षिणेकडच्या डोंगरात होता. पेटी आली तेव्हा उघडू नका म्हणाले. माझी आई मरेपर्यंत म्हणायची, त्यात तो नव्हताच. तू शिकलेली आहेस पोरी, तूच सांग, ज्याला पेटी उघडून दाखवली नाही त्याने काय मानायचं?"

"आता तसं नसतं मावशी. सहा महिन्यांचं काम. बहुतेक मुलं कचेऱ्यांत नाहीतर स्वयंपाकघरात असतात."

"बहुतेक."

"ओर्हुनला माहीत आहे हे?"

"नाही," मुनेव्वर घाईने म्हणाली. "त्याला विचारूही नकोस. त्याच्या बापाला सांगायचं तर सांग. तो मारायचा नाही. महिनाभर बोलणार नाही, ते सोसता येतं."

"मी कुणालाच सांगणार नाही. पण हे थांबवावं लागेल." सेरपिलने कागदाची घडी घातली. "ही जखम अशीच पुन्हा पुन्हा उघडत राहिली तर ती पसरते. नवी तोंडं फुटतात. वर्षानुवर्षं चिघळलेल्या जखमेत पुढे कर्करोग झाल्याचंही पाहिलंय."

मुनेव्वरने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"किती वर्षं लागतात त्याला?"

"वीस. पंचवीस. कधी जास्त."

"म्हणजे तोवर त्याची पोरं मोठी झालेली असतील," मुनेव्वर म्हणाली.

ती हे अगदी सरळ म्हणाली. भाजी निवडताना किलोला किती उरेल याचा अंदाज घ्यावा तशी. उठताना मुनेव्वरने मुरंब्याची बरणी थोडी तिच्याकडे ढकलली, आणि दाराशी थांबून, न वळता म्हणाली, "तुझ्या हाताला यश आहे म्हणतात सगळे. थोडं कमी असतं तर बरं झालं असतं."

*

चार दिवसांनी सूज उतरल्यावर सेरपिलने तिसऱ्यांदा लेसर केलं. तार आत गेली, दिव्याचा लाल ठिपका कातडीखालून दिसला आणि पेटत्या निखाऱ्यासारखा हळूहळू वर आला. जळक्या केसांचा वास खोलीत पसरला. आत केस उरलेला नव्हता, तरी वास तोच.

त्यानंतर तिने घरची पट्टी बंद केली. ओर्हुनने रोज सकाळी आठला यायचं, नुर्दानने पट्टी बदलायची, वर पाणी न शिरणारी चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवरून कातडीपर्यंत निळ्या पेनने एक तिरपी रेघ मारायची. पट्टी कुणी काढून पुन्हा लावली तर रेघेचे दोन तुकडे जुळणार नाहीत.

"हे कशाला?" पहिल्या दिवशी ओर्हुनने विचारलं.

"अभ्यासासाठी," सेरपिल म्हणाली. आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

रेघ रोज जुळत होती. दहाव्या दिवशी स्राव थांबला. तिसऱ्या आठवड्यात भोक टाचणीच्या टोकाएवढं झालं. पाचव्या आठवड्यात सळईला जागाच सापडली नाही. कातडी गुलाबी, घट्ट, मिटलेली. सेरपिलने फोटो काढला आणि वहीत त्र्याऐंशीपैकी त्या एका नावापुढची तांबडी खूण खोडली. त्या रात्री तिला छान झोप लागली.

नुर्दानचं मात्र समाधान नव्हतं.

"पोरगा वाळत चाललाय," ती म्हणाली. "सहा किलो तरी उतरलं असेल. माझ्या कुठल्याच विनोदाला हसत नाही. काल मी म्हटलं, आता तुझं ढुंगण वर्तमानपत्रात छापायला हरकत नाही, तर म्हणतो, 'बरं.' "

"परीक्षेआधी वाळतातच."

"ही कसली परीक्षा? माझा भाऊ जाताना आठवडाभर आधीपासून नाचत होता. अर्थात त्यातलं किती नाचणं होतं, देव जाणे."

गावाचं नाचणं सुरूच झालं होतं. तहसीन उस्ताने दुकानाच्या काचेवर झेंडा लावला. शुक्रवारचा ढोल आणि सनई ठरली. ओर्हुनला खांद्यावर घेऊन बाजारातून फिरवायचं, तळहातावर मेंदीचा गोळा ठेवायचा, मोटारींची रांग हॉर्न वाजवत बसस्थानकापर्यंत जायची. सगळं ज्याच्या-त्याच्या घरी होतं तसंच. पैसे भरून महिन्याभरात मोकळी झालेली दोन-तीन मुलं गावात होती, पण त्यांचं नाव निघालं की लोक आवाज खाली घेत. आणि ओर्हुनच्या होणाऱ्या सासऱ्याने साखरपुड्यातच सांगितलं होतं: शिपाईगिरी आधी, लग्न नंतर.

सोमवारी तीन डॉक्टरांच्या मंडळाने कागदावर सह्या केल्या. तिसरी सही सेरपिलची. 'पूर्ण बरा. सेवेस योग्य.' तहसीन उस्ता तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पुन्हा कोटाच्या आतल्या खिशात घालून स्वतः भरती कचेरीत देऊन आला.

*

बुधवारी केस जाळण्याच्या लेसरची पाळी होती. खरं तर आता पट्टीची गरज नव्हती, पण लेसरच्या दिवसापर्यंत कोवळी कातडी झाकून ठेवायची सेरपिलची पद्धत होती. नुर्दान बाहेर तहसीन उस्ताकडून मिठाई घेत होती. तो अख्ख्या व्हरांड्यात पेटी फिरवत होता आणि ज्याने एक घेतली त्याला दुसरी घ्यायला लावत होता. त्याचं हसणं दारातून आत येत होतं.

ओर्हुन टेबलावर पालथा पडला. सेरपिलने दिवा ओढला आणि हात थबकला.

निळ्या रेघेचे दोन तुकडे जुळत नव्हते. दोन मिलिमीटर, फार तर तीन. पट्टी अगदी नीट, कडा दाबून लावलेली होती. कुणाच्याही लक्षात आलं नसतं.

तिने पट्टी सोलली. खाली कातडी कोरडी होती. मात्र जिथे भोक होतं तिथे एक बारीक ओरखडा होता, ताजा, चिमट्याच्या दोन टोकांच्या अंतराएवढा.

"आई कुठे आहे तुझी?" तिने विचारलं.

"मावशीकडे. अमास्याला. शनिवारी गेली." त्याचा आवाज उशीत दबला होता. "शुक्रवार सरेपर्यंत यायची नाही म्हणते. ढोल ऐकवणार नाही तिला."

शनिवार. आज बुधवार. नुर्दानने ही रेघ काल सकाळी मारली होती.

सेरपिल चाकाच्या स्टुलावर बसली. यंत्राचा पंखा घुमत होता. बाहेर कुणीतरी तहसीन उस्ताचं अभिनंदन करत होतं आणि तो म्हणत होता, सगळी देवाची आणि आपल्या डॉक्टरबाईंची कृपा.

"एकट्याला दिसतं कसं तिथलं?" तिने विचारलं.

ओर्हुनने उशीतून तोंड थोडं बाहेर काढलं.

"दोन आरसे लागतात," तो म्हणाला. "एक मागे, एक पुढे. गिऱ्हाइकाला मागची मान दाखवतात तसं. मी आठ वर्षांचा होतो तेव्हापासून धरतोय."

"आणि केस?"

"आधी दुकानातले. मग तुम्ही दुकान बंद केलंत." त्याने मान दुसरीकडे वळवली, भिंतीकडे. "मग आईच्या फणीतले. तिने एकदा बघितलं मला. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून पट्टी मी बदलते म्हणाली, आणि माझ्यापुढे पट्टी ठेवून, दार ओढून बाहेर जायची."

सेरपिलने त्याच्या पाठीकडे पाहिलं. बरगड्या मोजता आल्या असत्या. त्र्याऐंशी पाठी तिने पाहिल्या होत्या आणि प्रत्येकीची खोली मिलिमीटरमध्ये लिहून ठेवली होती.

"काल काय झालं?"

"काल काही नाही झालं. आत जायला वाटच नव्हती. पाऊण तास शोधली." तो थोडा हसल्यासारखा वाटला. "फार छान काम केलंय तुम्ही, डॉक्टरबाई."

"ओर्हुन, ऊठ. बस नीट."

तो उठला, पॅन्ट वर घेतली, टेबलाच्या कडेला बसला. तिने पहिल्यांदा त्याचा चेहरा इतक्या जवळून पाहिला. इतके दिवस तो उशीतच असायचा.

"कागद मी परत मागवू शकते," ती म्हणाली. "मंडळाला सांगेन, घाई झाली. किंवा तोकातच्या मोठ्या रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, माझ्या ओळखीचे. झोप लागत नाही, वजन उतरतंय. हे खरंच आहे ना? ते लिहून देतील. वर्षभर तरी."

"त्यावर काय लिहितात?"

"जे आहे ते. भीतीचा आजार."

"आणि तो कागद बाबा पिशवीत घालून कचेरीत नेऊन देतील," ओर्हुन म्हणाला.

बाहेर पेटी रिकामी झाली असावी. तहसीन उस्ता कुणाला तरी सांगत होता, थांबा, खाली मोटारीत आणखी एक आहे. त्याची पावलं जिन्यावर वाजली, मग ऐकू येईनाशी झाली.

"केस जाळायचे राहिले," ओर्हुन म्हणाला. "पालथा होऊ का?"

"राहू दे. आज नको."

त्याने मान हलवली. सदरा खोचला, पट्टा लावला, बुटाची नाडी बांधली, ती एकदा सुटली म्हणून पुन्हा बांधली. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो थांबला.

"डॉक्टरबाई, एक विचारायचं होतं. सहज. आमच्या टायरच्या दुकानात एकाला झालं होतं." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "कानाचा पडदा फाटला तर तो आपोआप भरतो का? की त्यालाही तुमचं लेसर लागतं?"

सेरपिल उभी राहिली. तिने हातमोजे काढले. बोटांना घामाने चिकटले होते म्हणून वेळ लागला.

"बहुतेक वेळा भरतो," ती म्हणाली. "किती मोठा फाटलाय त्यावर असतं. कुठल्या कानाचा?"

ओर्हुनने उजवा हात वर नेला आणि उजव्या कानाला लावला. थोडा विचार केला. मग हात बदलून डाव्या कानाला लावून पाहिला.